दुपारचे बारा की रात्रीचे? बंद पडलेल्या जुन्या गाडीचं कॅम टायमिंग

डिसेंबरातल्या एका सकाळी आमची मारुती ८०० चालूच होईना. गाडी १९९६ ची, कार्ब्युरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळायचं काम त्या कार्ब्युरेटरचं), बाबांच्या जिवाची. इंदूरमध्ये बोनेट उघडं दिसलं की माणसं पोह्यांच्या ठेल्याभोवती जमावीत तशी जमतात. आमच्या रामबागेतल्या गल्लीत दहा मिनिटांत पाच जण आणि सहा निदानं झाली. समोरचे काका म्हणाले बॅटरी. दूधवाला म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी. दोघं-तिघं आधीच मागे जाऊन डिकीला हात लावून उभे, धक्का मारायच्या तयारीत. आणि एकानं, हात मागे बांधून, लांबूनच सांगितलं, "टायमिंग हिल गया है, भिया."

शेवटी तोच बरोबर निघाला. पण टायमिंग म्हणजे नक्की काय हललं, हे त्यालाही सांगता आलं नाही.

त्याचा दोष नाही. गॅरेजमध्ये "टायमिंग" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी चालतो. एक ठिणगीचं टायमिंग: प्लगमध्ये करंट नेमका कधी पडतो. दुसरं कॅमचं: व्हॉल्व्ह नेमके कधी उघडतात आणि कधी मिटतात. पहिलं बिघडलं तर डिस्ट्रीब्युटर, म्हणजे पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग, जरासा फिरवून भागतं. दुसरं बिघडलं तर इंजिनाचं पुढचं कव्हर उघडावं लागतं. आणि यातली खरी गोम अशी की पहिलं फिरवून दुसऱ्यातली चूक झाकता येते, काही दिवस. आमच्या गाडीत तेच झालं होतं.

आधी इंजिन काय करतं ते पाहू. फोर स्ट्रोक इंजिनाचं सगळं काम चार शब्दांत मावतं: घे, दाब, पेटव, टाक. पिस्टन खाली जातो तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन वर येतो तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि मिश्रण दाबलं जातं. पिस्टन माथ्याशी पोचता पोचता ठिणगी पडते, भडका होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा, धूर बाहेर. या चार हेलपाट्यांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याचे, दोन पूर्ण फेरे होतात, म्हणजे ७२० अंश. प्रत्येक व्हॉल्व्हला मात्र त्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडायचं असतं.

ते उघडण्याचं काम कॅमशाफ्टचं. लाटण्यासारखा एक दांडा डोळ्यांपुढे आणा, त्याच्यावर जागोजागी अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा रॉकर नावाच्या झुलत्या पट्टीला उचलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा पुढे गेला की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. दोन फेऱ्यांत एकदाच काम असल्यामुळे कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर अर्ध्या वेगानं फिरायला हवा, आणि त्यासाठी युक्ती साधी आहे: वरच्या, कॅमच्या पुलीला खालच्या, क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात. दोघींना जोडतो तो दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते.

आता या लेखाच्या नावातले बारा. घड्याळात दोन्ही काटे वर एकत्र आले की बारा वाजले एवढं कळतं. दुपारचे की रात्रीचे, ते घड्याळ सांगत नाही. त्यासाठी खिडकीबाहेर बघावं लागतं. क्रँक पुलीवरची खूण अशीच मुकी आहे. ती जागेवर आली की एक नंबरचा पिस्टन माथ्यावर आहे एवढंच कळतं. पण पिस्टन माथ्यावर दोनदा येतो: एकदा मिश्रण दाबून, ठिणगीच्या तोंडावर, आणि एकदा धूर टाकून, पुढचा श्वास घ्यायच्या आधी. पहिले दुपारचे बारा, दुसरे रात्रीचे. दोन्ही वेळी खूण त्याच जागी. फरक फक्त कॅमला माहीत असतो, म्हणून खिडकी म्हणजे रॉकर: दोन्ही सैल, हातानं किंचित खुळखुळणारे असतील तर दुपार, दोन्हीवर ताण असेल तर रात्र.

ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं निम्मं काम झालं. बसली नसेल तर माणूस सगळ्या खुणा जुळवून, कव्हर लावून, सेल्फ मारतो आणि गाडी कार्ब्युरेटरमधून फट्टकन खोकते. पाण्याचा घोट घशात अडकावा तसा आवाज येतो. मी ऐकलाय.

थोडं इंदूरचं कौतुक मध्येच करून घेतो. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतून ड्युसेनबर्ग एसजे या गाडीची चासी (नुसता सांगाडा) मागवून लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्यांकडून तिच्यावर स्पीडस्टर बॉडी चढवून घेतली होती. त्या आठ सिलिंडरच्या इंजिनात माथ्यावर दोन-दोन कॅमशाफ्ट आणि एकूण बत्तीस व्हॉल्व्ह होते, सगळा कारभार चेनवर. म्हणजे ज्याला आज शोरूमवाले मोठ्या ऐटीत "ट्विन कॅम" म्हणतात, ते या गावाच्या महाराजांकडे तेव्हाच होतं. आमच्याकडे तीन सिलिंडर, ७९६ सीसी, एक कॅम. तत्त्व तेच.

तर सकाळी काय करायचं? पहिलं म्हणजे डिकीला हात लावून उभ्या असलेल्या मंडळींना चहा पाजून परत पाठवायचं. धक्का मारू द्यायचा नाही. कॅमचं टायमिंग हललेलं असण्याची शंका असेल तर ढकलून गाडी चालू करणं हा सगळ्यात महागडा फुकट उपाय आहे. काही इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांची वाट एकच असते, फक्त वेळा वेगळ्या. बेल्ट सरकला की दोघं एकाच वेळी एकाच जागी पोचतात, आणि व्हॉल्व्ह वाकतो. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते, तिथे बेल्ट तुटूनही काही बिघडत नाही. आपलं इंजिन कुठल्या जातीचं, याची मॅन्युअलमधून खात्री होईपर्यंत ते पहिल्या जातीचंच आहे असं समजून वागावं.

दुसरं, कॅमवर संशय घ्यायची घाई करायची नाही. चालू न होणाऱ्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा भानगड फार किरकोळ असते. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येतंय का? प्लग काढून, त्याची धातूची कड इंजिनाला टेकवून सेल्फ मारला की निळसर ठिणगी दिसते का? (हे करताना पेट्रोलचा वास येत असेल तर करू नका. थांबा, हवा खेळू द्या.) आमच्याकडे पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती, प्लग ओले निघत होते. म्हणजे जेवण पानात आहे, चूल पेटतेय, आणि तरी कोणी जेवत नाही. इथून पुढे संशय तिसऱ्या गोष्टीवर जातो: दाब, म्हणजे कंप्रेशन.

दाबाची पहिली चाचणी कानांनी होते. धड इंजिनाचा सेल्फ मारला की लय ऐकू येते, रुंव-रुंव-रुंव, कारण प्रत्येक सिलिंडर आपल्या पाळीला अडवतो आणि स्टार्टरला जोर लावावा लागतो. बेल्ट तुटला असेल तर ती लय जाते, इंजिन शिवणयंत्रासारखं सरळ भर्रकन फिरतं. आमच्या गाडीचा आवाज या दोन्हींच्या मधला होता. लय होती, पण पातळ. बाबा म्हणाले, "दम नाही आवाजात." मी तेव्हा हसलो होतो.

तासाभरानं आमचे मेकॅनिक उस्ताद आले. पन्नाशीचे, मितभाषी, खिशात कायम एक फिलर गेज, बारीक फटी मोजायच्या पात्यांचं. त्यांनी सेल्फ ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, "पेले रोटर देखो." (इंदुरी हिंदीत "पहले"चं "पेले" होतं, इंदूरच्या मराठी माणसाला याचं भाषांतर लागत नाही.)

त्यांचा मुद्दा असा. या गाडीत डिस्ट्रीब्युटर कॅमशाफ्टवर चालतो. त्याची टोपी काढली की आतला रोटर दिसतो. एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं रोटर बघायचा. रोटर हललाच नाही, तर कॅम फिरत नाही, म्हणजे बेल्ट तुटलाय किंवा त्याचे दात गेलेत. तपास संपला, एकही बोल्ट न खोलता. दात जाण्याचा प्रकार फसवा असतो. बेल्टचा बाकी घेर धडधाकट दिसतो, फक्त खालच्या छोट्या पुलीवर जेमतेम काही दात धरलेले असतात, ते तेवढे तासले जातात आणि पुली आतल्या आत फिरत राहते. ज्या गाडीत डिस्ट्रीब्युटरच नाही, तिथे ऑइल टाकायच्या तोंडातून डोकावायचं. माथ्यावर कॅम असलेल्या बऱ्याच इंजिनांत तिथून रॉकर किंवा कॅमचा तुकडा दिसतो. तो हलतो की नाही, एवढंच पाहायचं.

आमचा रोटर फिरला. म्हणजे बेल्ट शाबूत. मग उस्तादांनी कंप्रेशन गेज काढलं. तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर सोडवली, आणि मला म्हणाले ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मार. ॲक्सिलरेटर दाबायचा कारण तो नाही दाबला तर इंजिनाला हवा कमी मिळते आणि गेज उगाच कमी दाखवतं. असल्या जुन्या पेट्रोल इंजिनांत तब्येत बरी असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ९ ते १३ किलोच्या दरम्यान दाब येतो. आमचे आकडे आले साडेसहा, साडेसहा, सहा.

हे आकडे कसे वाचायचे ते समजून घेण्यासारखं आहे. एक सिलिंडर कमी आणि बाकीचे ठीक असते, तर तो त्या सिलिंडरचा घरगुती मामला: व्हॉल्व्ह जळालेला, गॅस्केट फुटलेलं, पिस्टनची रिंग झिजलेली. पण तिन्ही सिलिंडर एका रात्रीत आणि सारख्याच मापानं कसे झिजतील? सगळे मिळून कमी, तर कारणही सगळ्यांना लागू होणारं. तसा पहिला संशय कॅमवर. तरी खात्रीसाठी उस्तादांनी प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून आकडा चांगला वर गेला असता. आमचा जेमतेम हलला.

कॅम मागे पडला तर दाब का कमी होतो? पिस्टन वर येऊन मिश्रण दाबायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह अजून मिटलेला नसतो. उशीर झालाय त्याला. मग दाबायचं मिश्रण आल्या वाटेनं परत कार्ब्युरेटरकडे जातं, आणि व्हॉल्व्ह मिटेपर्यंत आत उरतं ते थोडंसंच. सायकलच्या पंपाचा वॉशर उशिरा बसला की निम्मी हवा बाहेर जाते, तसंच.

आणि किती उशीर पुरतो? समजा वरच्या पुलीला ४० दात आहेत. एक दात म्हणजे ३६० भागिले ४०, ९ अंश. पण हे ९ अंश कॅमचे. क्रँक दुप्पट वेगानं फिरतो, म्हणून पिस्टनच्या हिशेबात एक दात म्हणजे १८ अंश. दोन दात म्हणजे ३६. एक दात चुकला तर गाडी बहुधा चालू होते, पण मरगळलेली. दोन चुकले की बहुतेक वेळा चालूच होत नाही. पुलीवर नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर एक दात म्हणजे बोटाच्या पेराहून कमी अंतर, आणि म्हणूनच "जवळपास जुळलंय" हे वाक्य या कामात चालत नाही.

आता कव्हर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. प्लग बाहेरच राहू द्या, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. सेल्फनं फिरवायचं नाही. क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून, सावकाश, आणि इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं. उलटं फिरवलं की बेल्टची सैल बाजू बदलते, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर नको तिथे दबतो, आणि जुना बेल्ट असेल तर तुमच्याच हातानं आणखी एक दात उडी मारतो. खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे यायचं नाही. पुन्हा दोन पूर्ण फेरे मारून यायचं. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

आमच्या इंजिनात खालच्या दातेरी पुलीवर एक टिंब आहे आणि त्याच्यासमोर ऑइल पंपाच्या अंगावर बाण. वरच्या कॅम पुलीवर एक खूण आहे आणि तिच्या मागच्या पत्र्यावर व्हीच्या आकाराची खाच. खालची जोडी जुळली की त्याच क्षणी वरची जोडीही जुळायला हवी. जुळली नाही, तर एक फेरा आणखी मारून पाहायचं, कारण कॅम अर्ध्या वेगानं फिरतो आणि वरची खूण दर दुसऱ्या फेऱ्यालाच वर येते. इथेच नवखा माणूस घाबरतो: खालची खूण जुळली, वरची तर चक्क खाली गेलीय! गेली असू दे. पुन्हा एक फेरा.

आणखी एक सापळा. बाहेरची जी पुली पंख्याचा पट्टा फिरवते, तिच्यावरही खाचा असतात. त्या ठिणगीच्या टायमिंगसाठी आहेत. बेल्ट बसवताना बघायची ती आतल्या दातेरी पुलीवरची खूण. ही गल्लत करून बेल्ट बसवलेल्या गाड्या उस्तादांनी इतक्या पाहिल्यात की ते त्यावर बोलायचंही टाळतात, फक्त "हूं" म्हणतात.

कापडानं काळपट धूळ पुसून, टॉर्च मारून आम्ही पाहिलं. खालचं टिंब बाणासमोर बरोबर. वरची खूण खाचेच्या अलीकडे. उस्तादांनी खडूनं दात मोजले. दोन.

समजा खुणा दिसतच नाहीत. गंजल्यात, कुणीतरी दुसऱ्याच गाडीची पुली बसवलीय, किंवा त्या खुणांवर तुमचा विश्वास नाही. तरीही कॅम टायमिंग तपासता येतं, आणि मला स्वतःला ही पद्धत जास्त आवडते, कारण इथे इंजिन स्वतःच साक्ष देतं. एक नंबरच्या प्लगच्या भोकात नारळपाण्याची मऊ, लांब स्ट्रॉ घाला. लोखंडी सळई नको, आणि कडक काडीही नको. भोक तिरकं असलं की ती आत मोडते आणि मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काढायची वेळ येते. पुली फिरवा, स्ट्रॉ वर येईल, थांबेल, खाली जाईल.

पण झोका टोकाला गेल्यावर जसा क्षणभर रेंगाळतो, तसा पिस्टनही माथ्यावर रेंगाळतो. पुली बरीच सरकते तरी स्ट्रॉ हलत नाही. मग नेमका माथा कुठला? त्यासाठी स्ट्रॉ माथ्यापासून साधारण एक सेंटिमीटर खाली असताना, वर येण्याच्या वाटेवर, इंजिनावरच्या एका ठरलेल्या जागेसमोर पुलीवर खडूची एक रेघ मारा. फिरवत राहा. माथा ओलांडून स्ट्रॉ पुन्हा तितकीच खाली आली की त्याच जागेसमोर दुसरी रेघ. दोन रेघांचा मध्य म्हणजे खरा माथा.

आता रॉकर कव्हर काढा आणि "रात्रीचे बारा" शोधा, म्हणजे धूर टाकून संपत आलेला माथा. इथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला असतो आणि इनटेक नुकताच उघडू लागलेला. पुली थोडी पुढे फिरवली की एक रॉकर सुटतो आणि दुसरा दबतो, तराजूच्या पारड्यांसारखे. हा पालट नेमका माथ्याच्या आसपास होत असेल तर कॅम मोटामोटी जागेवर आहे. माथ्यावर एक्झॉस्ट अजून चांगलाच दबलेला आणि इनटेक हललाही नाही, तर कॅम मागे. इनटेक बराच उघडून बसलाय आणि एक्झॉस्ट केव्हाच मिटला, तर कॅम पुढे. टॅपेटचं गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, आधी बरोबर असायला हवं, आणि प्रत्येक इंजिनाचा पालट अगदी माथ्यावरच होतो असं नाही, म्हणून ही सोनाराची तराजू समजू नका. पण दोन दातांची चूक या पद्धतीत लपत नाही.

जुन्या अँबेसिडर किंवा पद्मिनीवाल्यांना हे आणखी सोपं पडतं. तिथे चार सिलिंडर आहेत, आणि एक व चार नंबरचे पिस्टन बरोबरीनं वर-खाली होतात. एकाची दुपार ती दुसऱ्याची रात्र. चार नंबरच्या रॉकरांचा पालट चालू असेल तर एक नंबर दाबाच्या माथ्यावर आहे. या गाड्यांत कॅम खाली ब्लॉकमध्ये, चेनवर. चेन सहसा एका रात्रीत दगा देत नाही, ताणली जाते, खडखडते, हळूहळू मागे पडते. त्यामुळे काल चालणारी पद्मिनी आज बंद पडली तर मी कॅमकडे शेवटी जाईन. आणि हेडचं काम करून आल्यावर ती चालूच होत नसेल, तर आधी बघीन की डिस्ट्रीब्युटर रात्रीच्या बाराला तर बसवला नाही ना.

आमच्या गाडीकडे परत. दोन दात सरकले कसे? याचं उत्तर बेल्टवर नव्हतं, डिस्ट्रीब्युटरवर होतं. तो ज्या बोल्टनं धरलेला असतो, त्या जागी लांबट खाच असते, ठिणगी थोडी मागे-पुढे करायला. साधारणपणे बोल्ट खाचेच्या मधल्या भागात कुठेतरी असतो. आमचा पार टोकाला टेकलेला होता. उस्तादांनी बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, "बेल्ट कब बदला?"

दीड वर्षापूर्वी, एका दुसऱ्या गॅरेजमध्ये. आणि मग मला एकेक आठवायला लागलं. तेव्हापासून ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रडायची. बाबा म्हणायचे वय झालं तिचं. खरं असं झालं असणार: तिथे बेल्ट एक दात मागे बसला. डिस्ट्रीब्युटर कॅमवर असल्यामुळे ठिणगीही तितकीच मागे पडली. गाडी नीट चालेना, तेव्हा कुणीतरी कव्हर पुन्हा उघडायच्या ऐवजी डिस्ट्रीब्युटर फिरवत फिरवत खाचेच्या टोकापर्यंत नेला. ठिणगी जागेवर आली, गाडी चालू झाली, बिल झालं. व्हॉल्व्ह मात्र अठरा अंश उशिराच उघडत-मिटत राहिले. ठिणगी फिरवून ठिणगीच सुधारते, व्हॉल्व्ह नाही.

दुसरा दात त्या सकाळी गेला, किंवा आदल्या रात्री. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरला एक स्प्रिंग असते. ती जागेवर नव्हतीच. नुसता बोल्ट आवळून काम भागवलेलं. बेल्ट जसजसा सैलावला तसा थंडीच्या एखाद्या सेल्फच्या झटक्याला एक दात उडाला, आणि आता डिस्ट्रीब्युटरला फिरायला खाच शिल्लक नव्हती.

बेल्ट बसवायचं काम त्यामानानं पटकन झालं. नवा बेल्ट, नवा टेन्शनर, नवी स्प्रिंग. कॅमच्या सीलमधून ऑइल झिरपत होतं तेही बदललं, कारण ऑइल लागलेलं रबर फुगतं आणि लवकर जातं. वरच्या-खालच्या खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, टेन्शनर मोकळा सोडला म्हणजे स्प्रिंग आपल्या जोरानं बेल्ट ताणते, आणि मग तो न आवळता पुली हातानं दोन पूर्ण फेरे फिरवली. हे दोन फेरे कुणी गाळू नयेत. सैल पडलेला बेल्ट फेऱ्यात आपली जागा घेतो आणि चूक असेल तर इथेच दिसते, तीही हाताला अडेल इतक्या हळुवारपणे. फिरवताना कुठे टणक अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही. तो बहुधा व्हॉल्व्ह असतो. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा समोरासमोर आल्या, मग टेन्शनर आवळला.

पुन्हा गेज लावलं. साडेअकरा, अकरा, साडेअकरा. म्हणजे व्हॉल्व्हही वाचले होते.

प्लग लावले, सेल्फ मारला, आणि गाडी चालू झाली नाही. उलटा फटका दिला, स्टार्टर कण्हला. बाबांचा चेहरा पडला. उस्ताद मात्र पहिल्यांदाच हसले. व्हॉल्व्ह जागेवर आले, पण डिस्ट्रीब्युटर अजून जुन्या चुकीच्या टोकाला होता, त्यामुळे ठिणगी आता फार लवकर पडत होती, पिस्टन वर यायच्या आतच. त्यांनी बोल्ट सैल करून डिस्ट्रीब्युटर खाचेच्या मध्यावर आणला. पुढच्या सेल्फला गाडी चालू झाली. मग टायमिंग लाइट लावून बाहेरच्या पुलीवरच्या खाचेनं ठिणगी बारीक बसवली. त्या खाचा असतात त्या याचसाठी.

कव्हर बंद करण्याआधी बाबांनी घरातून उरलेला पांढरा पेंट आणि माझा शाळेतला बारीक ब्रश आणला. कव्हरच्या आतल्या बाजूला तारीख आणि मीटरवरचे किलोमीटर लिहिले, आणि त्याखाली, थोड्या मोठ्या अक्षरात, "स्प्रिंग आहे."